तुझ्याकडे आली का?

चुली पेटल्या होत्या, पण चुलीपाशी बसायला कोणी नव्हतं.

मागच्या अंगणात सगळं मांडून ठेवलेलं. कोवळे फणस, नारळांची रास, धुतलेली केळीची पानं, परातभर साफ केलेल्या कोंबड्या. बायांना बसायला चटयाही अंथरून झाल्या होत्या. त्यांवर मांजर तेवढं येऊन झोपलं. उद्या सकाळी लेकीचं लग्न, आणि आज उन्हं पार कौलांवर चढली तरी गल्लीतली एक बाई इकडे फिरकली नव्हती. सुमिनेमच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू नक्की कळवलंस ना गं, लारास?"

"आई, कितीदा विचारशील? हे बघ." लारासनं फोन आईच्या नाकासमोर धरला. जकार्तात कॉम्प्युटरवर काम करणारी पोर. गल्लीच्या ग्रूपवरचं बोलावणं तिनंच बनवलेलं, चहूबाजूंनी फुलं आणि बोट लावलं की गाणं वाजणारं. "सगळ्यांनी वाचलंय. निळ्या खुणा आल्यात. पोनिराकाकूनं हात जोडलेत. जुमिलाकाकूनं तर बदाम टाकलाय, नाचणारा!"

"मग बदाम येऊन नारळ किसणार आहे का?"

लारासनं फोन खाली घेतला. खरं तर सुमिनेमच जायची होती घरोघरी बोलवायला, तशीच रीत आहे. लग्नघरी रेवांगला, म्हणजे रांधायला हात लावायला, बाया येतात त्या अशाच. पण लेक म्हणाली, या काळात दारोदार कोण हिंडतं? तुझे गुडघे बघ. एका बोटाचं काम आहे. आणि गुडघे खरंच दुखत होते, म्हणून सुमिनेमनंही मान डोलावली.

आता तिला भलतंच सुचायला लागलं. गल्लीत कुणाकडेही कार्य असो, आपली सुरी घेऊन ही पहिली हजर. मग आज काय झालं? कुणाला काही बोललो का आपण? पोर शहरात गेली, पगार मिळवायला लागली, ते कुणाच्या डोळ्यांत सललं? वाळीत टाकलं की काय आपल्याला? तिला रडूच फुटलं. डोळे टिपत ती एकटीच फणस चिरायला बसली.

"आई, नको ना गं रडू. मी जेवण मागवते. फोनवरून सांगितलं की संध्याकाळपर्यंत भांड्यांसकट दारात."

"आणि उद्या ते खायला माणसं कुठून आणशील? तीपण फोनवरून?"

आता लारासचेही डोळे भरले. "मला काय माहीत असं होईल! तुझे हाल वाचावेत म्हणून केलं ना मी."

हे ऐकून सुमिनेम विरघळली. पोरीचं चुकलं तरी कुठे, हेही तिला कळेना. तिनं हाताचा चीक पदराला पुसला आणि फोन मागितला. "तो दुसरा ग्रूप उघड. आपल्या नात्यातला. माझ्या चुलतबहिणीकडे सुंतेचं कार्य होतं ना मागे, तिच्या सुनेनं निरोप टाकलेला."

निरोप होता. आणि खाली सुमिनेमनं स्वतः टाकलेले जोडलेले हात होते.

"गेली होतीस तू?" लारासनं विचारलं.

"छे! मी कशाला जाते? बोलवायला कोण आलं होतं? असं न बोलावता आपलं आपण उठून..."

वाक्य तिथंच राहिलं. तिची नजर फोनमधल्या आपल्याच जोडलेल्या हातांवर गेली.

सुमिनेम उठली. डोक्याला रुमाल गुंडाळला, पायात चपला सरकवल्या. लारासही निघाली, तशी आईनं तिला दटावलं, "तू कुठं? नवरीनं आज उंबरा ओलांडायचा नसतो. कोंबड्यांवर जाळी घाल आणि मांजर हाकल."

शेजारचंच घर जुमिलाचं. दार पुढे लोटलेलं होतं. सुमिनेमची हाक पुरी व्हायच्या आत ते उघडलं.

"जुमिलाबाई, उद्या आमच्या लारासचं लग्न आहे. कामाला हात हवेत. याल ना?"

जुमिलानं गालावर हात ठेवला. "अगं बाई! उद्याच? मला बाई पत्ताच नाही!"

नाचणारा बदाम हिचाच. पण सुमिनेमनं तोंडातून ब्र काढला नाही. जुमिलाचे केस घट्ट बांधलेले होते आणि अंगावर कामाचं जुनं लुगडं नीट खोचलेलं होतं. तिनं दाराआड हात घातला आणि भरून ठेवलेली टोपली उचलली. टोपलीत फडक्यात गुंडाळलेली सुरी, नारळाची किसणी आणि तिचा फोन. तो फोन सारखा वाजत होता.

"सकाळपासून डोकं उठवलंय या बायांनी," जुमिला पुटपुटली. "सगळ्यांचं एकच. 'तुझ्याकडे आली का? तुझ्याकडे आली का?'"

तिनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, 'आली.'

गल्लीतली दारं एकेक करून उघडली. प्रत्येक दारात केस घट्ट बांधलेली एक बाई आली आणि सुमिनेमकडे न बघता, सकाळीच झाडून झालेलं आपलं अंगण पुन्हा झाडायला लागली.