फटीतलं फूल

खंडेनवमीला कारखान्यात हातोडी, ब्रश, गोंदाचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. उरलेलं झेंडूचं फूल घेऊन हौसा बिअरच्या जुन्या पिंपापुढे अडली.

पिंपांच्या सुटलेल्या रबरी कडा ती चिकटवायची. लेकीची शाळा त्यावरच चालायची. पण नवरा दारूनंच नेला होता.

“वाहा की गं, पोट भरतंय यावर,” सोबतीण अनुसया म्हणाली.

“भरतंय गं. पण घर रिकामं केलं, ते?”

हात पुढे जाईना, मागे येईना. शेवटी तिनं सुटलेल्या कडेखाली फूल खोचलं.

“अगं, ही काय पूजा झाली?”

“मला तरी कुठं कळतंय, बाई!”

दसऱ्याची सुटी संपल्यावर कड चिकटवायला घेतली, तर फटीत सुकलेलं फूल. निर्माल्य म्हणावं की कचरा? ठरेना. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं आणि गोंदाचा डबा उघडला.