सहावी वस्तू

"पाचच वस्तू, काका. सहावी घातली तर मी काढून टाकीन," असं म्हणून शुभांगीनं पिशवी भिवाजीच्या पुढ्यात टाकली आणि ती बुटांच्या नाड्या बांधायला बसली.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. आठला पुण्याची मंडळी जीप घेऊन येणार होती. मुळशी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं आणि काठाला मैलभर दलदल उघडी पडते. तिथले पाणपक्षी मोजायचे होते, आणि वाट दाखवायला गावातलं माणूस हवं होतं. गावातले बाप्ये नुसते "बघू, बघू" करत राहिले. ही बावीस वर्षांची पोरगी "मी येते" म्हणून मोकळी झाली. वाट दाखवायचं काम तिच्या बापाचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच दलदलीत जीव गेलेल्या शंभूचं.

भिवाजी शंभूचा धाकटा भाऊ. तो ओट्यावर मांडी घालून एकेक वस्तू पिशवीत भरू लागला. पाण्याची बाटली. बारा हात नायलॉनची दोरी. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गच्च बांधलेली काडेपेटी. गूळ-शेंगदाण्यांची पुडी. मीठ-साखरेची पुडी. तो प्रत्येक वस्तूबरोबर एक उपदेश देत होता, आणि शुभांगी हूं हूं करत होती.

"वरनं गाळ पापडावानी वाळल्याला दिसतो, खाली नुसतं लोनी आसतं. पाय रुतला तर वढायचा न्हाई. काठी आडवी टाकायची आन् तिच्यावर छाती टाकायची."

"बाबांनी शिकवलंय मला."

भिवाजीचा हात थांबला. शंभूनं तर त्यालाही शिकवलं होतं. पण त्या संध्याकाळी शंभूच्या डोक्यावर गवताचा भारा होता. रुतल्यावर भारा फेकायचं जिवावर आलं असेल, नाहीतर फेकायला उशीर झाला असेल. अंधार पडला तरी तो घरी आला नाही, तेव्हा माणसं बॅटऱ्या घेऊन निघाली. नाकापर्यंत गाळात उभा सापडला. अंगात जीव नव्हता. म्हणून तर पोरगी वजनाला एवढी जपत होती.

पाच वस्तू झाल्या. मग भिवाजीनं खिशातून लाल प्लास्टिकची शिट्टी काढली आणि गुपचूप पुडीखाली सारली. ती घ्यायला तो खास पौडच्या बाजाराला गेला होता. दुकानात तीन शिट्ट्या फुंकून पाहिल्या, तेव्हा चौपन्न वर्षांच्या म्हाताऱ्याला नातू झाला का म्हणून दुकानदार हसला होता.

शुभांगीच्या नजरेतून काही सुटत नसे. "ही कशाला? मी काय शाळंतली कवायतीची बाई हाय?"

"ऱ्हाऊ दे. वजन किती तिचं!"

"वजनाचं न्हाई. गळा हाय की मला. हाक मारीन." ती शिट्टी बाहेर काढून ओट्यावर ठेवत हसली. "का मी हाक मारली तर तुमी येणार न्हाई?"

भिवाजीनं मान खाली घातली.

धरणकाठची ही माणसं दिवेलागणीला पाण्याकडून आलेल्या हाकेला ओ देत नाहीत. पाण्यात गिऱ्हा असतो, तो ओळखीच्या आवाजात बोलावतो आणि गेलेल्याला बुडवतो, असं आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. पण गिऱ्ह्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली तर ती माणसाची. तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, हे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ होतं. शिट्टीचं तसं नाही. गिऱ्ह्यानं शिट्टी फुंकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. भिवाजीनं त्यावर दोन वर्षं विचार केला होता.

त्या संध्याकाळी तो काठाजवळच्या गोठ्यात धार काढत होता. पाण्याकडून हाक आली. मग दुसरी आली. आवाज शंभूचाच होता, आणि त्याचा तांब्या हातातच राहिला. तो तिसरीची वाट बघत बसला. तिसरी आली नाही, तेव्हा 'गिऱ्हाच तो' असं म्हणून त्यानं उरलेली धार काढली. पुढं पोलीसपाटलानं विचारलं तर म्हणाला, कायबी ऐकू आलं न्हाई. पोरीला तर त्यानं ब्रही काढला नाही. तिला दुःख नको म्हणून, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण ते खोटं होतं. त्याला तिची भीती वाटत होती.

"शुभे," तो म्हणाला. मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही. "तुजा बाप हाक मारत व्हता त्या दिशी. दोनदा. मी गोठ्यात ऐकली. आन् उठलो न्हाई."

शुभांगी पिशवीचं तोंड आवळत राहिली.

"मला न्हाई मारली त्यानं. तुजंच नाव घेत व्हता. 'शुभेऽऽ' म्हनून." तो पुढं म्हणाला. "मी तिसरीची वाट बघितली गं. मला काय शिक्षा करायची ती कर. पर शिट्टी घेऊन जा."

खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. शुभांगीनं ओट्यावरची शिट्टी उचलली, तिच्या दोरीची गाठ आवळली आणि ती गळ्यात घातली. मग ती काकासमोर खाली बसली. भिवाजीनं डोळे मिटून घेतले.

"दोनदाच, काका," ती म्हणाली. "मी मागल्या दारी भांडी घाशीत व्हते. मी पन तिसरीचीच वाट बघत बसले."