पुऱ्या पाडायचा कप

"आजी, तो कप आता धुऊन दे मला. उद्या लागतो."

चांगुणाबाईनं नातवाचं बोलणं कानाआड केलं. परातीएवढी पोळी लाटून झाली होती. तिनं जर्मनचा जुना कप पोळीवर पालथा घातला, दाबला आणि गर्रकन फिरवला. गोल पुरी सुटून आली. सुगतची पोर मैत्रेयी टाळ्या पिटायला लागली. आज पाच वर्षांची झाली होती ती.

"उद्याचं उद्या," चांगुणाबाई म्हणाली. "आज पुऱ्या कशानं पाडू? तुज्या डोस्क्यानं?"

सुगत बिदरला मैलूरमध्ये राहायचा, कॉलेजात शिकवायचा. संतपूरला तो लेकीच्या वाढदिवसाला आला होता, पण खरा जीव त्या कपात होता. मैलूरच्या विहारात उद्या प्रदर्शन होतं, शिवाशिवीच्या खुणांचं. महिनाभर फिरून त्यानं वस्तू गोळा केल्या होत्या. मधोमध ठेवायला हा कप. पत्रकावर त्याचा फोटो छापला होता आणि खाली गुंडेरावांच्या घराचं नाव. शंभर माणसं येणार होती ती हा कप बघायला.

सुगतचा आजा तात्याराव त्या घरी सालगडी होता. त्याचा कप बाहेर, वळचणीला. मालकीण वरून चहा ओतायची, शिंतोडा अंगावर येऊ नये म्हणून पदर सावरायची. पिऊन झालं की तात्यारावनं कप धुवायचा आणि परत वळचणीला खोचायचा. कायदा झाला, भाषणं झाली, शाळेच्या भिंतीवर समता रंगवून झाली. कप वळचणीलाच. ज्या दिवशी साल सोडलं त्या दिवशी तात्यारावनं तो उपसला आणि घरी आणला. त्यानं रागानं आणला, बायकोनं कामाला लावला. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक लेकराच्या वाढदिवसाच्या पुऱ्या त्याच कपानं पडल्या.

दारात गाडी थांबली. गुंडेराव स्वतः उतरले. पंचाहत्तरीचा माणूस, पांढरंशुभ्र धोतर. या गल्लीत त्यांचे पाय कधी लागले नव्हते.

"चांगुणाक्का, बरी हाईस का?"

"अक्का?" चांगुणाबाईनं वर बघितलं. "काल परवापतुर 'ए चांगुणे' व्हते की मी. बसा. च्या टाकू?"

"नको नको. उपास हाय."

मैत्रेयीनं गरम पुरी आणून हातावर ठेवली. गुंडेरावांनी ती रुमालात गुंडाळून खिशात घातली. "घरी जाऊन खातो, बाळ."

"उपासाला?" सुगतनं विचारलं.

गुंडेरावांनी ऐकलं नाही. ते थेट मुद्द्यावर आले. नातू माउली निवडणुकीला उभा होता आणि पत्रक गावभर मोबाईलवर फिरत होतं. "झालं गेलं गंगेला मिळालं. आता कामून उकरायलाव? तेवढा कप द्या मला."

"न्हाई मिळणार," सुगत उसळला. "तुमच्या घराचं नाव हाय पत्रकावर. आख्खा बिदर बघंल."

"सुगत्या, गप," आजी म्हणाली. मग गुंडेरावांकडं वळली. "न्या की. पर माज्या पुऱ्या राहिल्यात. ह्याच्यासारकी धार वाटीला न्हाई. ह्याची जोड व्हती तुमच्यात, तुमच्या आईनं चिटगुप्प्याच्या बाजारातून आणलेली. एक भाइर, एक आत. तो आतला आणून द्या, हा न्या."

गुंडेराव घुटमळले. "तो आईचा हाय, अक्का. आई त्यातच प्यायची. आई गेल्यावर मी सकाळचा च्या त्यातच पितो. तेवढीच आठवण हाय बघ तिची."

"मग ऱ्हाऊ द्या. उद्या मैलूरला बघायला या."

एका बाजूला आईची आठवण, दुसऱ्या बाजूला नातवाची खुर्ची. खुर्ची जड निघाली. अर्ध्या तासात गाडी परत आली. गुंडेरावांनी कपाला कप दिला आणि पुऱ्यांचा कप रुमालात झाकून घेऊन गेले. जाताना चांगुणाबाईला चक्क हात जोडले.

सुगत भिंतीला टेकून बसला. मग ओरडलाच. "आजी! आज्याचा आपमान पुरीवर दिलास तू! शंभर माणसांला आता काय दाखवू? गुंडेरावाच्या आईचा कप?"

चांगुणाबाई नवा आलेला कप राखेनं घासत होती. पाण्यानं खळबळला, पदरानं पुसला, उजेडात धरून आत बघितलं. मग पोळीवर पालथा घालून फिरवला. पुरी तशीच गोल पडली. मैत्रेयी खिदळली, आजीही हसायला लागली.

"हासायलीस काय आजी तूबी? माजी लाज गेली!"

"आरं, लगीन हून आले त्याच्या दुसऱ्याच म्हैन्यात मी त्येंच्या गोठ्यात शेण काढायला गेल्ते. तुज्या आज्याला साल धरून तवा सहा म्हैने झालते. आतला कप वट्ट्यावर उन्हात वाळत घातलेला. आजूबाजूला कुणी न्हाई. घेटला आन वळचणीच्या कपाशी बदलला."

सुगत उठून पुढं आला. "आज्याला ठाव व्हतं?"

"त्याला सांगितलं आसतं तर त्याचं तोंड बघून मालकिणीला कळलं आसतं."

तिनं कप नातवाच्या हातात दिला.

"हा घे, आज्याचा. उद्या चिठ्ठीवर नीट लिही: ह्यात तात्यारावनं सहा म्हैने च्या पिला, आन गुंडेरावाच्या घरानं पन्नास वर्सं."