वरचं बाथरूम

दर्शनानं बटण दाबलं. हातातली पांढरी डबी चार वेळा कर्कश वाजली आणि थांबली.

"वाजली ना? झालं तर मग. चला खाली," तिचे सासरे दीपचंद जिन्यातूनच म्हणाले.

"पप्पाजी, यानं फक्त बॅटरी आणि भोंगा ठीक आहे एवढं कळलं. गॅस ओळखते की नाही, ते गीझर लावल्यावर कळेल."

"मग गीझर खालचा लाव."

"खालचा विजेचा आहे."

सासूबाई, कुसुमलताबाई, दीपचंदच्या शेजारून वर आल्या आणि बाथरूमच्या दारासमोर उभ्या राहिल्या.

शिरपूरच्या त्या घरात हे बाथरूम पाच वर्षं बंद होतं. प्रियल, त्यांची मुलगी, याच बाथरूममध्ये गेली. बावीस वर्षांची होती. दार फोडून बाहेर काढली, तेव्हा डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. दर्शना त्यानंतर सून म्हणून आली. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. काल स्वयंपाकघरात लावायला तिनं हे कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र आणलं आणि सासूला समजावलं, की या वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत गॅसचा गीझर चालला की तो साचतो. आधी डोकं जड होतं, मग हाक मारायचंही त्राण राहत नाही. कुसुमलताबाईंचं लाटणं थांबलं. त्या म्हणाल्या, "वर लावून बघशील?"

म्हणून आज रविवारी सकाळी दर्शनानं गॅलरीत सिलिंडर जोडला, गीझरमध्ये नवे सेल घातले. डबी टॉवेलच्या खुंटीला अडकवली. नळ सोडला. गीझरनं भप्प करून पेट घेतला. ती बाहेर आली आणि दार लावून घेतलं.

"आता थांबायचं," ती म्हणाली.

आत बादलीत पाणी पडत होतं. पाच मिनिटं गेली. दीपचंदनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"काही नाही त्यात," ते म्हणाले. "बंद कर, बेटा."

"थोडं थांबा, पप्पाजी. वेळ लागतो."

बादली भरून वाहायला लागली. पाण्याचा आवाज बदलला.

"त्या दिवशी मी तिला बोलले होते," कुसुमलताबाई दाराकडे बघत म्हणाल्या. "जळगावच्या स्थळाला नाही म्हणाली म्हणून. तोंड दाखवू नकोस म्हटलं. दार आपटून आत गेली."

"आता कशाला ते?" दीपचंद म्हणाले.

"पोस्टमॉर्टेम का नाही करू दिलं तुम्ही?"

पाच वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. दीपचंदनी जिन्याचा कठडा धरला.

"काही निघालं असतं तर? काही घेतलेलं वगैरे. तू जगली असतीस?"

"म्हणजे तुम्हालाही तेच वाटत होतं."

दर्शना मोबाइलवर लावलेल्या वेळेच्या आकड्यांकडे बघत राहिली. अकरा मिनिटं. आत नुसतं पाणी. कुसुमलताबाईंनी डोळे मिटून घेतले, ओठ हलायला लागले. नवकार मंत्र म्हणत असाव्यात. मध्येच ओठ थांबले.

"नाहीच वाजणार का ती?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता, की दर्शनाला त्यांच्याकडे बघवेना.

बारावं मिनिट संपता संपता डबी वाजली. चार वेळा, मग पुन्हा चार वेळा. दाराआडूनसुद्धा कानठळ्या बसत होत्या. दर्शना गॅलरीत धावली, सिलिंडर बंद केला, परत येऊन दार सताड उघडलं आणि दोघांना मागं ढकललं. थोड्या वेळानं श्वास रोखून आत गेली, डबी काढून आणली. छोट्या पडद्यावरचा आकडा तिनं सासूला दाखवला. तीनशे ऐंशी.

"खूप आहे, मम्मीजी. अंघोळीला जास्त वेळ लागला, तर माणसाला कळतसुद्धा नाही. ताईंना कळलंच नसेल."

कुसुमलताबाई पायरीवर बसल्या. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, पण पाच वर्षं रडत होत्या तसं नाही.

"रागावून नाही गेली ती," त्या म्हणाल्या. "अंघोळ करत होती नुसती."

दर्शना परत आत गेली. वाफ अजून छताशी कोंडलेली होती. तिनं भिंतीवरून नजर फिरवली. "याला झरोकाच कसा नाही?"

"आहे," दीपचंद म्हणाले. "वर बघ. प्लाय आहे तिथे. रंग भिंतीचाच दिलाय, म्हणून दिसत नाही."

"कुणी बसवला?"

"मी. कबुतरं येत होती." ते दारात उभे होते. "ती गेली त्याच वर्षी. दिवाळीच्या आधी."

कुसुमलताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, डोळे पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मीच म्हटलं होतं तुम्हाला, बंद करा म्हणून," त्या म्हणाल्या.

तसं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. दीपचंदनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली, हो म्हणून.