चेहरा बोलतो

बॉटल मसाल्यात काय काय पडतं, हे बेलामावशीनं सख्ख्या भावजयीला, यव्होनला, उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. त्यामुळे भाचा शॉन कॉलेजच्या डॉक्युमेंटरीसाठी मरोळच्या गावठाणात कॅमेरा घेऊन आला, तेव्हा तिनं आधीच दम भरला, "माझं तोंड हवं तेवढं शूट कर. कढईकडे कॅमेरा फिरवलास तर हा कलथा डोक्यात घालीन!"

शॉन उलट खूश झाला. चेहराच सगळी गोष्ट सांगतो, असं सरांनी शिकवलंच होतं. मावशी अंगणात उन्हात बसून एकेक जिन्नस भाजत होती आणि हा पठ्ठ्या तिच्या चेहऱ्यावरून, शूटिंगसाठी खास पुसून चकचकीत केलेल्या चष्म्यावरून कॅमेरा हलवायला तयार नव्हता.

चर्चच्या हॉलमध्ये भल्यामोठ्या पडद्यावर फिल्म दाखवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीनं चष्मा काढून डोळे पुसले.

यव्होनमामी तर धावतच शॉनकडे आली.

"झकास केलंयस रे! तो चष्म्याचा क्लोजअप परत एकदा लाव ना. नागकेशरानंतर बेलानं काय टाकलं, तेवढंच दिसायचं राहिलं."