थिओडूलच्या वहीतलं पान

चांभार बुटांना खिळे ठोकत होता, म्हणून पान फाटल्याचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. थिओडूल अनवाणी बसून चांभाराशी गप्पा छाटत होता. त्याचा कोट मागे खुंटीला होता. क्विरिनने कोटातली वही काढली. ती आपोआप त्याच पानावर उघडली. अठरा वर्षं उघडून उघडून तिला सवयच लागली होती. क्विरिनने पान फाडलं, चार घड्या घालून टोपीत सारलं आणि वही होती तशी परत ठेवली.

आमच्या आल्प्समधल्या गावात वही म्हणजे वाटाड्याची अब्रू. साहेब शिखरावरून उतरला की वहीत चार ओळी लिहितो, आणि पुढचा साहेब त्या वाचून माणूस निवडतो. हॉटेलसमोरच्या दगडी कट्ट्यावर आम्ही सगळे रांगेने बसतो आणि आपापली वही पुढे करतो. इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नाही. कुणाबद्दल किती चांगलं लिहिलंय, ते आम्ही मजकुराच्या लांबीवरून ठरवतो. थिओडूलचं ते पान कडेपर्यंत भरलेलं होतं.

एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने ते लिहिलं होतं. त्या चढाईत थिओडूल पुढे होता आणि क्विरिन दोराच्या शेवटी, नुसता हमाल. उतरताना गडबड झाली, क्विरिनच्या डाव्या हाताला दोर करकचला आणि करंगळी गेली. इकडे डॉक्टर उरलेलं हाड कापत होता, तिकडे न्यायाधीश कट्ट्यावर बसून थिओडूलच्या वहीत लिहीत होता. हमालाकडे वही कुठली असणार? बोट गेलं क्विरिनचं आणि पान मिळालं थिओडूलला. हे त्याच्या मनाला जे लागलं ते लागलंच.

पुढे क्विरिनही वाटाड्या झाला, त्याचीही वही झाली. तिच्यात दोन-दोन ओळींची पाच पानं. थिओडूलचं पान मात्र जो साहेब वाचे तो मान वर करी, कट्ट्यावर नजर फिरवी, क्विरिनच्या चेहऱ्याकडे बघे आणि मग त्याच्या डाव्या हाताकडे. क्विरिन हात खिशात घाली. साहेब दोन बोटं वर करून सांगे, दोघंही चला. मग थिओडूल क्विरिनच्या पाठीत थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, सांगितलं मी साहेबांना, आमच्या क्विरिनलाही घ्या म्हणून. दर उन्हाळ्यात हीच मेहेरबानी, आणि दर वाटेवर दोराचं तेच शेवटचं टोक. क्विरिन आतल्या आत जळायचा. थिओडूलची नवी टोपी बघूनही जळायचा, तो हसला तरी जळायचा.

आणि आता हॅलिवेल नावाचा साहेब शाल्बहोर्न शिखराच्या उत्तर धारेसाठी आला होता. ती धार आजवर कुणी चढलं नव्हतं. जो पुढे राहून चढेल, त्याचं नाव त्या वाटेला कायमचं लागणार होतं. क्विरिनच्या गोठ्याच्या दारातून ती धार समोर दिसते. कुठल्या महिन्यात कुठला बर्फ धरतो आणि कुठला दगा देतो, हे त्याला गाईंच्या नावांसारखं पाठ होतं. पण थिओडूलचं ते पान वहीत असेपर्यंत साहेब दुसऱ्याला पुढे ठेवणार होता थोडाच? ते गेलं की सगळे सारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलिवेल कट्ट्यावर आला. थिओडूलची वही नेहमीच्या जागी उघडली. साहेबाने आणखी काही पानं उलटली, मान हलवली आणि थिओडूलला निवडलं. त्याच्याबद्दल बाकीच्या साहेबांनीही बरंच लिहिलं होतं. मग रांगेवर नजर फिरवून, खांदे रुंद बघून, अलोइसला घेतलं. क्विरिनने आज हात मुद्दाम गुडघ्यावर ठेवला होता. कुणी त्या हाताकडे पाहिलं नाही.

थिओडूल दोर खांद्यावर टाकत होता. क्विरिन त्याच्याजवळ गेला.

"काय रे, आज माझ्यासाठी शब्द टाकला नाहीस?"

थिओडूल कानापर्यंत लाल झाला. "खरं सांगू? मी कधीच टाकला नाही. मला कुठं त्यांची भाषा येते? ते वाचायचे आणि आपणहून तुला मागायचे. मी आपला उगाच मिरवायचो."

एवढं बोलून तो साहेबामागून निघून गेला. क्विरिन घरी गेला आणि गोठ्यातलं शेण काढत बसला. मग तडक हॉटेलच्या मुदपाकखान्यात शिरला. तिथली फिलोमेना लंडनला एका घरात अकरा वर्षं काम करून यंदाच परतली होती. तोवर ते तिघं हिमनदीवर पोचले होते, खिडकीतून दिसत होते. थिओडूल पुढे होता.

क्विरिनने टोपीतून पान काढून तिच्यापुढे धरलं. कुठून आणलंस, असं तिने विचारलं नाही. हात पुसले, पान उजेडात धरलं आणि एकेक ओळ आपल्या बोलीत सांगत गेली.

"थिओडूल भला वाटाड्या आहे. पण हे पान मी दुसऱ्याच माणसासाठी लिहितो आहे, कारण त्याच्याकडे वही नाही. आम्ही दोघं घसरलो तेव्हा त्याने एकट्याने आम्हाला धरून ठेवलं. त्याचं नावही मी विचारलं नाही, याची मला लाज वाटते. थिओडूलला न्याल तेव्हा त्यालाही न्या. आणि कधी कुणीही न चढलेली धार चढायची असेल, तर त्यालाच पुढे ठेवा."

"संपलं?" क्विरिनने विचारलं.

"एक ओळ आहे अजून. त्याला ओळखायचं कसं, ते लिहिलंय."

फिलोमेनाने ती ओळ वाचली. मग मान वर केली, क्विरिनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या डाव्या हाताकडे.