पिस्तूल गाडीत ठेवलं तर

तबिथा दारातच थांबली. काचेवर नवी पाटी लागली होती : आत बंदूक, पिस्तूल आणायला मनाई. तिने ती दोनदा वाचली. मग सात वर्षांच्या एम्रीला स्केट्स, ते चाकांचे बूट, घालायला आत पाठवलं आणि स्वतः उंबरठ्याच्या बाहेर उभी राहिली.

"मिस वर्लीन, जरा बाहेर येता?"

वर्लीन केगल काउंटरमागून बाहेर आली. टेनेसीतल्या त्या गावात स्केटिंगचं रिंगण एकच, ते तिचं. सासष्ट वर्षांची बाई, शनिवारी सकाळी पोरांना स्वतः शिकवायची. शिकवणी सुरू व्हायला अजून पंधरा मिनिटं होती.

तबिथाने पर्सवर हात ठेवला. आत पिस्तूल होतं. हिवाळ्यापासून ती ते जवळ बाळगत होती. घटस्फोट झालेल्या नवऱ्याने, कोल्टनने, तिच्या आणि मुलीच्या जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, आणि तो हुकूम मोडून कोल्टन दोनदा येऊन गेला होता. पायाचं माप सांगावं इतक्या सरळपणे तिने हे सांगितलं.

"भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "खरंच जाणून घ्यायचंय. तुम्ही सांगितलं म्हणून मी हे गाडीत ठेवलं आणि नेमका तो आत आला, तर पुढचं कुणी बघायचं?"

वर्लीनला राग आला नाही. दहा दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. ती आत गेली आणि लहान मापाचा एक स्केट घेऊन आली. टाचेच्या वर आरपार भोक होतं. दहा दिवसांपूर्वी इथेच एक माणूस मुलीच्या स्केट्सच्या नाड्या बांधायला वाकला, कमरेचं पिस्तूल निसटून खाली पडलं आणि उडालं. गोळी स्केट्सच्या मांडणीत घुसली. तिथे त्या वेळी कुणी पोर नव्हतं, इतकंच. तो माणूस नंतर बाकावर बसून रडला. चांगला माणूस. लोकांना बंदूक चालवायला तोच शिकवायचा.

तबिथाने भोकात बोट घातलं. ते पलीकडून बाहेर आलं.

आपलं पिस्तूल बंद पर्समध्ये असतं, ती म्हणाली. त्याचंही पट्ट्यात घट्ट होतं, वर्लीन म्हणाली.

मग वर्लीनने वकिलाचं सांगितलं. गावातला प्रुइट वकील एरवी मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं करायचा. तिच्यासाठी तो दोन दिवस पुस्तकं चाळत बसला होता. बंदुका आत येऊ दिल्या आणि एखादी उडाली, तर लोक विचारणार, येऊ का दिल्या? येऊ दिल्या नाहीत आणि कुणी निःशस्त्र माणूस मेला, तर विचारणार, त्याचं हत्यार काढून घेतलंस, बदल्यात काय दिलंस? यातलं काय जास्त अंगाशी येईल ते त्यालाही सांगता येईना. इथल्या कोर्टापुढे तसं प्रकरण त्याला सापडलं नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याने बजावून सांगितली. कोर्ट आधी बघतं ते मालकाला काय माहीत होतं. तेव्हा गिऱ्हाइकांना फार विचारत बसू नकोस. जे तुला ठाऊकच नव्हतं, ते तुझ्या गळ्यात बांधणं अवघड.

तबिथाने स्केट तिला परत दिला.

"म्हणजे मी तुम्हाला हे सांगायलाच नको होतं."

"पाच मिनिटांपूर्वी मला काहीच माहीत नव्हतं," वर्लीन म्हणाली.

तबिथाने काचेतून एम्रीला हाक मारायला हात वर केला. चाळीस मैलांवर दुसरं रिंगण होतं, तिथे पाटी नव्हती. आम्ही तिकडे जाऊ, तुम्हाला त्रास नको, ती म्हणाली. आत एम्रीच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. कठड्याला एका हाताने धरून ती एकटीच पहिली फेरी मारत होती. मध्येच तिने कठडा सोडला, दोन हात हवेत धरले आणि चार-पाच फूट तशीच गेली.

दोघी बघत राहिल्या.

गाडी कुठे लावली आहेस, वर्लीनने विचारलं. तबिथाने गाड्या लावायच्या मैदानाचं टोक दाखवलं. ती इथे दाराला लागून आण, पर्स गाडीत ठेव, कुलूप लाव आणि ये, वर्लीन म्हणाली.

तबिथाने तसं केलं. ती आत आल्यावर वर्लीनने दाराची कडी लावली. मागचं दार फक्त आतून उघडायचं. काउंटरचं उंच स्टूल ओढत आणून तिने पुढच्या दाराशी ठेवलं. आजची शिकवणी मदतीला येणाऱ्या आपल्या बहिणीने घ्यायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला दार वर्लीनने स्वतः उघडायचं, असं तिने ठरवून टाकलं. तबिथाने विचारलं, वकिलांना हे चालेल का? नाही चालणार, वर्लीन म्हणाली. ती स्टुलावर बसली आणि तिने चष्मा लावला.

"त्याचा फोटो आहे तुझ्याकडे?"

तबिथा बराच वेळ फोनमध्ये शोधत राहिली. शेवटी तिने फोन पुढे केला. तळ्याच्या काठी एक उंच माणूस, त्याच्या खांद्यावर एम्री, तिच्या हातात लोंबणारा मासा. बापलेकी तोंड भरून हसत होत्या.

वर्लीनने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"दुसरा नाही?"

"सगळे असेच आहेत," तबिथा म्हणाली. "चिडलेला असताना कधी काढलाच नाही."

वर्लीनने फोनवर हात आडवा धरला, त्याचं हसू झाकलं आणि नुसते डोळे बघत राहिली.